पाच अजान आणि पाच बाटल्या

2016 च्या नोव्हेंबर महिन्यातली एक बातमी अनेकांना आठवत असेल. केरळातल्या कोझिकोड जिल्ह्यात एका रुग्णालयात बाळ जन्मले आणि पित्याने फर्मान काढले की, पाच अजान होईपर्यंत आईने बाळाला पाजायचे नाही. कुणा बाबाने त्याला तसे सांगितले होते. पाच अजान म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस. रुग्णालयातल्या लोकांनी समजावले, पण तो ऐकेना. शेवटी प्रकरण पोलिसांत गेले, गुन्हा दाखल झाला आणि बातमी देशभर पसरली. त्या सिस्टरचे आणि डॉक्टरांचे मी तेव्हाही मनापासून कौतुक केले होते, आजही करते. कारण कुरआनात किंवा हदीसमध्ये पाच अजान थांबण्याचा कुठेही आदेश नाही. तो अडाणीपणा होता आणि त्याला धर्माचे नाव चिकटवले गेले होते.

पण त्या बातमीनंतर काही वर्षांनी माझ्या घरात जे घडले, त्यावर कुठेही बातमी झाली नाही. गुन्हा तर दूरच. म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या बहिणीच्या मुलीचे बाळंतपण तालुक्याच्या गावातल्या एका खासगी रुग्णालयात झाले. सिझर झाले. कमरेत इंजेक्शन दिलेले असल्याने ती पूर्ण शुद्धीवर होती, बाळाचे रडणेही तिने ऐकले. सकाळी दहाच्या सुमाराला बाळ झाले आणि अकरा वाजता सिस्टर बाहेर येऊन माझ्या बहिणीला म्हणाल्या, "डबा आणि बाटली घेऊन या खालच्या मेडिकलमधून." चिठ्ठीवर डब्याचे नाव आधीच लिहिलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाळाला पाच बाटल्या पाजून झाल्या. आईच्या छातीशी बाळ पहिल्यांदा गेले तेव्हा चोवीस तास उलटून गेले होते. तोवर त्याने बाटलीच्या बोंडाची सवय लावून घेतली होती. ते छातीला तोंड लावी, रडे आणि तोंड फिरवी.

डॉक्टर राउंडला आले. म्हणाले, "दूध आलेलं दिसत नाही अजून. तसंही तुमच्या लोकांत वरचं दूध लवकरच सुरू करतात ना?"

मी म्हटले, "डॉक्टर, डबा तुमच्याच चिठ्ठीवर आलाय."

ते हसले. "मग काय चाची, बाळाला उपाशी ठेवायचं होतं का?"

मला उत्तर सुचले नाही. मी शाळेत शिकवणारी बाई, वैद्यकशास्त्रातले मला काय कळते, असे स्वतःलाच समजावले. पण त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. पाच अजान होईपर्यंत दूध अडवणारा बाप गुन्हेगार ठरतो, आणि पाच बाटल्या होईपर्यंत दूध अडवणारे रुग्णालय बिल देते, हे कसे?

पहिल्या बाळाला दूध मिळाले नाही आणि दुसऱ्याला डब्याचे मिळाले, हा फरक मला मान्य आहे. पण आई जागी, बाळ धडधाकट, आणि दोघांना वेगळे ठेवण्याला कसलेही वैद्यकीय कारण नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सर्वांना ठाऊक आहे. जन्मानंतर तासाभरात स्तनपान, सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, आणि नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक. सिझर झाले म्हणून हा पहिला तास रद्द होत नाही. कमरेत भूल दिलेली आई कुणीतरी बाळ धरून ठेवले तर टेबलावरून खोलीत आल्या आल्या पाजू शकते. धरून ठेवायला मात्र कुणीतरी लागते.

आता आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीनुसार भारतात 88.6 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. आणि जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बालके किती? 41.8 टक्के. त्याआधीच्या 2015-16 च्या फेरीत दवाखान्यातली बाळंतपणे 78.9 टक्के होती आणि पहिल्या तासातले स्तनपान 41.6 टक्के. म्हणजे पाच वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या बाया जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढल्या, आणि पहिल्या तासात दूध मिळणारी बाळे होती तिथेच राहिली.

हा आकडा नीट वाचला तर आईला दोष देण्याची सोयच उरत नाही. घरी सुईणीच्या हातून बाळंतपण होत असे तेव्हा म्हणता येत होते की, अडाणी सासू चीक फेकून देते, अडाणी सुईण मध चाटवते. आता दहातली जवळजवळ नऊ बाळे शिकलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर जन्मतात. त्या पहिल्या तासात बाळ कुणाच्या हातात असते? सासूच्या नाही, मौलानांच्या नाही, आईच्याही नाही. ते डॉक्टर आणि सिस्टरच्या हातात असते. मग त्या तासाचा जाब आईला का विचारायचा?

माझे म्हणणे असे आहे की, बाळाच्या आहाराबाबत आपल्याकडच्या अनेक आरोग्य कर्मचाऱ्यांचे ज्ञान अपुरे आहे, आणि ते अपुरेपण झाकण्यासाठी त्यांनी आईला दोष देण्याची सवय लावून घेतली आहे. गरीब आई असेल तर ती अडाणी, शिकलेली असेल तर फिगर जपणारी आणि मुसलमान असेल तर "तुमच्या लोकांत असंच असतं".

ज्ञान अपुरे म्हणजे काय? "आईचे दूध सर्वोत्तम" हे वाक्य न येणारा डॉक्टर सापडणार नाही. प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ते लिहिलेले असते. प्रश्न त्यापुढचा आहे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा चमचाभरच दूध मावते, म्हणून चिकाचे चार थेंब हे "दूध न येणे" नसते, ते त्या दिवशीचे पूर्ण जेवण असते, हे आईला कोण सांगते? पान्हा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भरून येतो, तोवर बाळाचे वजन थोडे उतरणे स्वाभाविक आहे, हे कोण सांगते? बाळाने फक्त बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भाग तोंडात घ्यायला हवा, नाही तर आईला चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही, हे हातात हात धरून कोण दाखवते? दूध पुरते की नाही हे बाळाच्या रडण्यावरून नव्हे, तर दिवसभरात ते किती वेळा लंगोट ओले करते आणि वजन कसे वाढते यावरून ओळखायचे, हे किती बायांना घरी जाताना कळलेले असते? आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे दूध जेवढे ओढले जाते तेवढे तयार होते. बाटली दिली की ओढणे कमी होते, ओढणे कमी झाले की दूध कमी होते. मग डॉक्टर म्हणतात, "बघा, दूध कमीच होतं." रोग औषधातून निर्माण झाला आणि खापर रोग्यावर फुटले.

पुस्तकात हा धडा असतो. परीक्षेत त्यावर टीप लिहावी लागते. पण टीप लिहिणे वेगळे आणि टाके दुखत असलेल्या, भेदरलेल्या वीस वर्षांच्या मुलीच्या शेजारी अर्धा तास बसणे वेगळे. अर्धा तास नाही हे मी समजू शकते. एका सिस्टरकडे पंचवीस खाटा असतात, ओपीडीत रांग लागलेली असते. पण मग तसे म्हणा. "आमच्याकडे माणूस नाही" म्हणा. "तुला दूध नाही" म्हणू नका. पहिले वाक्य खरे आहे. दुसरे वाक्य त्या मुलीच्या मनात आयुष्यभर राहते.

आणि डबा? तो आपोआप चिठ्ठीवर येत नाही. डॉ. सिसिली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1939 साली सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये 'मिल्क अँड मर्डर' या नावाचे भाषण केले होते. कंपन्या नर्ससारखे कपडे घातलेल्या बाया पाठवून आयांना डबाबंद दूध खपवत होत्या आणि बाळे मरत होती. डॉक्टरबाईंनी त्याला सरळ खून म्हटले. पुढे 1981 साली जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबाबत आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. भारताने 1992 साली कायदा केला आणि 2003 साली तो आणखी कडक केला. या कायद्याने अशा डब्यांची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापता येत नाही, आणि कंपनीला डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाही की त्यांच्या परिषदांना पैसे पुरवता येत नाहीत. उल्लंघनाला कैदेचीही तरतूद आहे.

मी जाणकारांना विचारते, तुमच्या ओळखीच्या किती सिस्टर्सना या कायद्याचे नाव ठाऊक आहे? आपण सही करतो त्या चिठ्ठीवर विशिष्ट कंपनीचे नाव का येते, हा प्रश्न किती डॉक्टर स्वतःला विचारतात? पूर्वी कंपनीला नर्ससारखे कपडे घातलेल्या बाया पाठवाव्या लागत. आता खऱ्या नर्सच्या तोंडूनच डब्याचे नाव निघत असेल तर कंपनीला जाहिरात करायची गरज काय?

डब्याचा खर्च कुणी मोजला आहे का? तीन महिन्यांचे बाळ पूर्ण डब्यावर असेल तर चारशे ग्रॅमचे सात-आठ डबे महिन्याला लागतात. डब्याचे चारशे रुपये धरा, तीन हजारांवर गेले. माझ्या भाचीचा नवरा रिक्षा चालवतो. दुसऱ्या महिन्यात घरातल्यांनी तेच केले जे अशा प्रत्येक घरात होते, चार चमच्यांच्या जागी अडीच चमचे घालायला लागले. पाणी टाकीचे, बाटली नीट उकळलेली नाही. बाळाला जुलाब लागले आणि तीन दिवस सलाइनवर ठेवावे लागले. अल्लाहच्या कृपेने ते वाचले, आता अंगणात धावते. पण माझी भाची अजून म्हणते, "खाला, माझ्या अंगावर दूधच नव्हतं." मी कितीही सांगितले तरी तिला ते पटत नाही, कारण ते तिला डॉक्टरांनी सांगितले आहे.

आता त्या "तुमच्या लोकांत" विषयी. हे वाक्य बोलणाऱ्याला आमच्या लोकांत काय आहे, हे ठाऊक नव्हते. पवित्र कुरआनच्या सूरह बकराच्या 233 व्या आयतीत मातेने बाळाला पूर्ण दोन वर्षे पाजण्याचा उल्लेख आहे. त्याच आयतीत त्या काळात मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे. दूध तोडायचे असेल तर दोघांनी आपसांत सल्लामसलत करून ठरवावे असे म्हटले आहे आणि दुसऱ्या स्त्रीकडून पाजून घेण्याचीही मुभा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः हलीमा सादिया यांच्या दुधावर वाढले. दूध पाजणाऱ्या स्त्रीला आमच्याकडे आईचा दर्जा आहे आणि एकाच स्त्रीचे दूध प्यायलेली मुले भावंडे मानली जातात, त्यांच्यात निकाह होत नाही. ज्या समाजात दुधाने नाते जुळते त्या समाजाला दुधाचे मोल शिकवण्याआधी थोडी चौकशी करायला हरकत नव्हती.

ही चौकशी नसली की काय होते, याचे एक उदाहरण. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातले बाळ दिवसांआधी जन्मले, दीड किलोसुद्धा नव्हते. आईला दूध पुरेसे येत नव्हते. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाने दूधपेढीतले दूध देऊ केले. बापाने विचारले, "दूध कुणाचं आहे?" तरुण डॉक्टर चिडून म्हणाले, "इथे जातधर्म आणू नका." बिचाऱ्याच्या मनात जातधर्म नव्हताच. त्याला दुधाच्या नात्याची काळजी होती. कुणाशी नाते जुळते आहे ते कळायला हवे, एवढेच त्याचे म्हणणे होते. या प्रश्नावर आलिमांमध्येही चर्चा झाली आहे. 1985 साली जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने दूधपेढ्यांच्या विरोधात मत दिले, तर युसूफ करदावी यांच्यासारख्या विद्वानांनी त्या वैध असल्याचे सांगितले. नाते किती वेळा पाजल्याने जुळते यावरही मतभेद आहेत. आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, त्यांच्याकडे एकदा पाजणेही पुरते. कोकणी मुसलमान शाफई आहेत, त्यांच्याकडे पाच वेळा पाजणे मोजले जाते. डॉक्टरांनी फिकह शिकावा असे मी म्हणत नाही. पण "तुमची शंका काय आहे?" असे विचारले असते, आणि "दात्या मातेची नोंद आम्ही ठेवतो, हवी तर सांगू" असे म्हटले असते, तर दोन मिनिटांत प्रश्न सुटला असता. त्याऐवजी बापाने मान खाली घातली आणि डबा आणला. इतक्या कमी वजनाच्या बाळाला डब्यापेक्षा दात्या मातेचे दूध आतड्यासाठी कितीतरी सुरक्षित असते. ज्ञान डॉक्टरकडे होते, पण त्यांच्या वृत्तीमुळे ते बाळापर्यंत पोहोचले नाही.

हे वेगळ्या रीतीने करता येते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ते महापालिकेचे रुग्णालय आहे, धारावीच्या शेजारी. पैसा आणि जागा हीच अडचण असती तर ती पेढी एखाद्या पंचतारांकित रुग्णालयात आधी निघाली असती.

आता आपल्या घरात बघू या, नाही तर हा लेख एकतर्फी होईल. गाय व्याली की आपण खरवसाची वाट पाहतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतो, आणि बाईचा चीक मात्र "खराब दूध" म्हणून पिळून टाकतो. तहनीकच्या नावाखाली मध चाटवतो. प्रेषितांची (स.) परंपरा चावून मऊ केलेला खजूर टाळूला किंचित लावण्याची आहे, दूध रोखण्याची नाही. आणि एक वर्षाच्या आत मध देणे बाळाला घातक ठरू शकते. अकीक्याला दोन बकरे कापणारा बाप बाळंतिणीच्या वाटीत रोज एक अंडे पडते की नाही हे पाहत नाही. आयतीतली दोन वर्षे आपल्याला पाठ असतात, त्याच आयतीतली पित्याची जबाबदारी मात्र आठवत नाही. जुम्म्याच्या खुतब्यात या आयतीवर आमच्या मोहल्ल्यात मी तरी कधी काही ऐकलेले नाही.

आणखी एक. ज्या आईला खरोखर पाजता येत नाही, जिचे आजारपण किंवा औषधे आड येतात, जिने बाळ दत्तक घेतले आहे, किंवा ज्या बाळाची आईच गेली आहे, त्यांच्यासाठी डबा हे वरदान आहे. त्यांना कुणी नाव ठेवू नये. माझा राग डब्यावर नाही. गरज नसताना तो देणाऱ्यांवर आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल एक प्रसंग सांगितला जातो. त्यांच्या खिलाफतीत दूध तुटलेल्या मुलांना सरकारी खजिन्यातून भत्ता मिळत असे. एका रात्री गस्त घालताना त्यांना एक बाळ सारखे रडताना ऐकू आले. त्यांनी आईला बाळाची काळजी घ्यायला सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले. शेवटी ती वैतागून म्हणाली की, मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध तुटलेल्या मुलांनाच भत्ता देतो. आपण कुणाशी बोलतो आहोत, हे तिला ठाऊक नव्हते. हजरत उमर (रजि.) यांनी तिला अडाणी म्हटले नाही, तिच्या कबिल्याला नावे ठेवली नाहीत. पहाटेच्या नमाजीत ते इतके रडले की, पाठीमागच्यांना त्यांची किरअत नीट ऐकू येईना. नमाज संपताच त्यांनी नियम बदलला. भत्ता जन्मापासून मिळेल, दूध तोडण्याची घाई करू नका, अशी दवंडी पिटवली.

मला आपल्या डॉक्टरांकडून एवढेच हवे आहे. आई दूध तोडते आहे असे दिसले तर तिच्याकडे बोट दाखवण्याआधी आपला नियम तपासा. सिझरनंतर बाळ कुठे जाते ते पाहा. वॉर्डात एक पडदा लावा. भेटायला येणाऱ्या पुरुषांसमोर बुरखा वर करून पाजायला लाजणाऱ्या मुलीला "लाजतेस काय" म्हणण्यापेक्षा ते सोपे आहे. प्रत्येक पाळीत एक तरी सिस्टर अशी असू द्या, जिला बाळ छातीशी लावून देता येते आणि जिला त्या कामासाठी वेळ दिला जातो. चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहायचे असेल तर शेजारी कारणही लिहा.

आणि आपण, या आयांच्या खाला, फुफी, सासवा आणि आजी, आपण चिठ्ठी हातात घेऊन खाली मेडिकलकडे धावण्याआधी थांबायला शिकू या. "बाळ आईकडे कधी देणार?" एवढा प्रश्न विचारायला वैद्यकशास्त्र शिकावे लागत नाही. त्या दिवशी मी तो विचारला नाही. माझ्या भाचीला आता दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. या वेळी मी विचारणार आहे.